कपातीचं पंचांग

मध्यमवर्गीय घराला पूर्वी पैशाच्या बाबतीत एकच तारीख पाठ असे. एक तारखेला पगार आणि दहाच्या आत सगळी देणी चुकती. वाणी, दूधवाला, पेपरवाला, धुणंभांड्याच्या मावशी, शिकवणीची फी, भिशी. दहा तारखेनंतर बेल वाजली तर पाहुणा आलेला असायचा. वीस तारखेनंतर वाजली तर तो पाहुणा उसने मागायला आलेला असायचा.

पगार आजही एक तारखेच्या आगेमागेच होतो, पण त्याला पाय फुटण्याच्या तारखा महिनाभर विखुरल्या आहेत. आमच्याच घरचं सांगायचं तर १ तारखेला, म्हणजे पुष्कळदा पगाराच्याही आधी, योगासनं. ३ला गाणी, ७ला सिनेमे आणि मालिका, ११ला फोटो ठेवायची भाड्याची जागा, १७ला इंग्रजी वर्तमानपत्र, २२ला जर्मन भाषा. मधल्या रिकाम्या तारखा घराच्या हप्त्याने आणि एसआयपीने भरून काढल्या आहेत. यातली वर्गणीची एकही रक्कम अशी नाही की तिच्यापायी कोणाची झोप उडावी. १३० रुपये, १४९ रुपये, २९९ रुपये. पण सकाळी चहाचा कप तोंडाला लावावा आणि फोन वाजावा, असं महिन्यात इतक्यांदा होतं की आज चतुर्थी आहे का हे बघावं तसं आज काय कापलं जाणार आहे हे बघूनच बाजाराला बाहेर पडावं लागतं.

खरोखरच हे एक नवं पंचांग आहे, आणि जुन्यापेक्षा अवघड आहे. जुन्यात तिथी आणि तारीख यांचा मेळ घालून द्यायला निदान पंचांगकर्ते होते. इथे एकाच घरात तीन कालगणना नांदतात आणि मेळ घालायला कोणी नाही. ओटीटी चालते तारखेवर. मोबाइलचा रिचार्ज चालतो वारावर, कारण २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे. मंगळवारी सुरू केलेला रिचार्ज, वेळेवर भरत राहिलात तर, जन्मभर मंगळवारचाच राहतो. उपासासारखा तो वारच धरायचा. आणि वर्षातून एकदा उगवणारी अँटीव्हायरसची वर्गणी तिथीच्या जातीची. वर्षभर कोणाच्या ध्यानीमनी नसते, आणि आली की घरातल्या सगळ्यांना कामाला लावते.

या २८ दिवसांची गंमत अशी की २८ गुणिले १३ बरोबर ३६४. म्हणजे वर्षाचे महिने बारा, पण रिचार्ज तेरा. आपल्या पंचांगात अधिक मास साधारण तीन वर्षांनी एकदा येतो. मोबाइल कंपन्यांनी तो दरवर्षी आणून दाखवला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, तसं आपण ते देतही असतो. जावई कोण, हे सांगायला नको. लोकांनी याबद्दल बरीच कुरकुर केली, तेव्हा दूरसंचार नियामक म्हणजे ‘ट्राय’ने जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा ठेवलाच पाहिजे. ठेवले आहेत. यादीत कुठे ठेवले आहेत ते शोधण्याचं काम ग्राहकाकडे ठेवलं आहे.

क्षयतिथीही आहेत. ३१ जानेवारीला एखादी सेवा घेतली तर फेब्रुवारीत तिचे पैसे कधी कापायचे? त्या महिन्यात ३१ तारखेचा क्षय झालेला. मग संगणक २८ किंवा २९ तारखेला कापून मोकळा होतो. खरी मजा मार्चमध्ये. काही प्रणाली मूळ तारीख लक्षात ठेवतात आणि पुन्हा ३१ला येतात. काही मात्र एकदा २८वर घसरल्या की तिथेच बस्तान ठोकतात. या भानगडीत पडायलाच नको म्हणून बऱ्याच ठिकाणी एसआयपीची तारीख निवडताना २८च्या पुढे काही दिसतच नाही. महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस हे गुंतवणुकीला वर्ज्य. तसेही त्या दिवसांत मराठी माणसाकडे गुंतवायला काही उरलेलं नसतंच.

पण या तारखा ठरवल्या कोणी? आपण समजतो, कंपनीने. कंपनीला तारखेशी काही देणंघेणं नसतं. ज्या दिवशी आपण ‘सुरू करा’वर बोट टेकवलं, तो दिवस. तो दिवस काही आपण नीट विचार करून निवडलेला नसतो. साखरपुड्याला मुहूर्त बघणारे आपण, जन्मभराची वर्गणी रात्री सव्वाअकराला, अंथरुणात पडल्या पडल्या, दिवा मालवलेला असताना सुरू करतो.

आमच्या योगासनांची तारीख १ आहे कारण ती १ जानेवारीला सुरू झाली. हे कोणालाही ओळखता येईल. फोटोंच्या जागेची ११ आहे, कारण त्या ११ तारखेला चुलत नणंदेचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू होती, अंतरपाट धरलेला होता, हातात अक्षता होत्या आणि नवऱ्याच्या फोनने जाहीर केलं की जागा संपली, आता एकही फोटो निघणार नाही. शेवटचं मंगलाष्टक संपताच अंतरपाट दूर व्हायचा क्षण टिपायचा होता. त्या क्षणी महिना १३० रुपये ही रक्कम नसते, ती अब्रू असते. ‘शुभमंगल’ला सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आमच्याकडून एकाने पासवर्ड टाकला. फोटो छान आला. नवरी-नवरा आता दोन मुलांचे आईबाप आहेत, आणि दर ११ तारखेला आम्ही त्यांच्या लग्नाचा आहेर अजून देतो आहोत.

२२ तारीख नवऱ्याच्या जर्मनची. त्याच्या कंपनीत कुजबुज होती की एका जर्मन कंपनीचं काम येणार. ते आलं नाही. जर्मन मात्र आली. सुरुवातीचे दिवस घरात पोळीपासून पायपुसण्यापर्यंत प्रत्येक वस्तूचं जर्मन नाव कानावर पडत होतं. मग ते नुसतं २२ तारखेला पडायला लागलं, बँकेच्या मेसेजमधून.

म्हणजे ही यादी नीट वाचली तर तो हिशेब नसतो, ती रोजनिशी असते. कोणत्या दिवशी आपल्याला काय व्हावंसं वाटलं होतं, याची तारीखवार नोंद. आणि दर महिन्याला त्याच तारखेला आपण पैसे देतो ते त्या सेवेसाठी कमी, आणि त्या दिवशी जे कोणी आपण होतो त्या माणसाच्या खाण्यापिण्यासाठी जास्त.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेन्डियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या काही व्यायामशाळांच्या सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये निबंध लिहिला. विषयच असा, की न जाण्याचे पैसे भरणारी माणसं. महिन्याला ७० डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे लोक महिन्यात सरासरी चारदा-पाचदाच जात होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते, आणि तिथेच दहा खेपांचा पास १०० डॉलरला मिळत होता. त्याहून बोलका आकडा पुढे आहे. शेवटचं पाऊल व्यायामशाळेत पडल्यानंतर वर्गणी बंद करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून जास्त काळ जात होता. तिथल्या लोकांनाही ‘सोमवारपासून नक्की’ असंच वाटत असणार. हे वाचल्यावर मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला.

आपल्याकडे या आपोआप होणाऱ्या कपातीला रिझर्व्ह बँकेने वेसण घातली. १ ऑक्टोबर २०२१पासून नियम असा, की कार्ड, वॉलेट किंवा यूपीआयवरून अशी कपात करायची तर पहिल्यांदा ग्राहकाची ओटीपीसारखी रीतसर संमती हवी, आणि नंतर प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी त्याला कळवलं पाहिजे. कोण कापणार, किती, कधी, आणि नको असेल तर थांबवायचं कसं. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी लागत नाही. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलाला ही मर्यादा डिसेंबर २०२३मध्ये एक लाखापर्यंत नेली. नियम लागू झाला तेव्हा सगळ्यांची तयारी नव्हती, त्यामुळे पुष्कळांच्या नेहमीच्या वर्गण्या अडकल्या. त्या ऑक्टोबरात कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की आपण कशाकशाचे सभासद आहोत.

तो २४ तास आधीचा मेसेज आमच्याकडे सासूबाईंच्या हाती लागला. चष्मा पुसून त्यांनी तो मोठ्याने वाचला. उद्या खात्यातून १४९ रुपये जाणार.

“न्यायला कोण येणार आहे?” त्यांनी विचारलं.

“कोणी येत नाही, आई. आपोआप जातात.”

“म्हणजे किल्ली त्यांच्याकडेच आहे?”

“तसं नाही. आपणच परवानगी दिली आहे.”

“कधी?”

“झाली की तीन-एक वर्षं.”

“मग आता विचारतायत कशाला?”

“विचारत नाहीयेत, कळवतायत.”

“अगं, पण आदल्या दिवशी कळवतायत म्हणजे नको म्हणायलाच ना? ते एवढं चांगलं वागतायत तर तू पण बोल की काहीतरी.”

रिझर्व्ह बँकेची अनेक पानांची परिपत्रकं मी चाळली आहेत. त्यांचं तात्पर्य इतक्या थोडक्यात कुठे दिलेलं नाही.

सासूबाईंना हे सुचलं, कारण त्यांनी घर चालवलं ते खाड्याच्या काळात. भिंतीवरच्या कालनिर्णयात तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘दूध नाही’, ‘अर्धा लि. जादा’, ‘मावशी खाडा’. मे महिन्यात कोकणात जायचं तर पेपर बंद, दूध बंद. महिनाअखेरीला दूधवाल्याची वही आणि आपलं कालनिर्णय समोरासमोर बसायचं, एखाद्या अर्ध्या लिटरवरून शब्दाला शब्द लागायचा आणि हिशेब मिटायचा. वापरलं तेवढ्याचे पैसे. हे तत्त्व त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. त्यामुळे अख्खा महिना एकही सिनेमा न बघता सिनेमाचे पैसे भरायचे हे त्यांना पटत नाही. “खाडा धरत नाहीत का?” त्या विचारतात. नाही धरत. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’च्या यादीत जाऊन कपात तात्पुरती थांबवायची सोय पुष्कळदा असते, तेवढाच काय तो खाडा. पण ती यादी उघडायची म्हणजे आधी ती आहे हे माहीत हवं.

बरं, बंद करायला जावं तर तिथला पाहुणचार बघण्यासारखा असतो. घेताना एक बटण होतं. सोडताना आधी कारण विचारतात, मग पुढचे तीन महिने अर्ध्या किमतीत देऊ म्हणतात. मग एक भलं मोठं रंगीत बटण येतं, ‘मी राहतो’, आणि त्याच्याखाली फिक्या करड्या अक्षरात, वरणात पडलेल्या मोहरीएवढं, ‘तरीही रद्द करा’. काही ठिकाणी तर त्या बारीक अक्षरांत आपल्याच तोंडी वाक्य घालतात, ‘नको, मला फायद्यात राहायचं नाही’. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला असल्या १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. सोडून जाणाऱ्याची वाट अवघड करणं त्यात आहे, आणि त्याला लाज वाटायला लावणंही आहे. सरकारने लाज वाटायला लावण्यावर बंदी घातली हे चांगलंच झालं. फक्त एक रुपयात सात दिवस दाखवून आठव्या दिवशी ३९९ कापणारे अजून भेटतात. एक रुपया बघून आपण ज्या झटक्यात पिन टाकतो, त्यात परवानगी पुढच्या ३९९ची असते. यावर जाणत्यांचा एक तोडगा आहे. फुकट ट्रायल सुरू केली की त्याच बैठकीत ती रद्दही करून टाकायची. बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते, आणि आठव्या दिवशी कोणाची आठवण ठेवायचं काम उरत नाही.

आमच्या घरात तोडगा म्हणून नवऱ्याने एक्सेलचा तक्ता केला. तो स्वभावाने व्यवस्थित आहे, म्हणजे अव्यवस्था दिसली की तो तिचा तक्ता करतो. त्याची योजना अशी, की सगळ्या वर्गण्या ५ तारखेला आणायच्या. पगार झालेला असतो, शिल्लक असते, कोणतीही कपात परत जाऊन बँक दंड लावायचा प्रश्न नाही. जिथे तारीख बदलता येते तिथे बदलायची. येत नसेल तिथे बंद करून ५ला नव्याने सुरू करायची. किंवा सरळ सगळं एका क्रेडिट कार्डावर टाकायचं. कार्डाचं बिल ज्या तारखेला निघतं ते चक्र निदान एकदा तरी बदलून घ्यायची मुभा बँकेने ग्राहकाला दिलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे महिन्यातून एकच बिल, एकच तारीख, एकच आकडा. पुन्हा जुन्यासारखं. दहाच्या आत सगळं चुकतं.

ऐकायला छान होतं. घराचा हप्ता, विमा, एसआयपी, शाळेची फी या गोष्टी पगारानंतर लगेच एका ठिकाणी बांधून टाकाव्यात, याबद्दल माझं दुमत नाही. त्यांच्याविषयी दर महिन्याला नव्याने विचार करायचा नसतो, आणि त्यांचा हप्ता चुकला तर फुकटचा भुर्दंड पडतो. पण योगासनं आणि जर्मन तिथे नेऊन बसवायला मी हरकत घेतली. हप्त्यांच्या आणि फीच्या मोठ्या आकड्यांत १४९ रुपये दिसत नाहीत. एकटे १४९ एखाद्या निवांत सतरा तारखेला आले की टोचतात. ‘हे काय अजून चालू आहे?’ हा प्रश्न पडतो तो ते एकटे येतात म्हणून. सगळ्या तारखा एकत्र केल्या तर हिशेब सोपा होईल, पण प्रश्न पडायचे बंद होतील. आणि कंपन्यांचं सगळं चालतं ते आपल्याला प्रश्न न पडण्यावर. त्यांना हवं ते काम आपणच पाच तारखेला कशाला करून द्यायचं?

“म्हणजे तुला महिनाभर कटकट हवी आहे,” नवरा म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “थोडी थोडी.”

मग मी त्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवला. सेवा, रक्कम, तारीख, खातं हे होतंच. पाचवा रकाना ‘कोणासाठी’. नियम असा, की त्यात माणसाचं नाव लिहायचं, आणि तो माणूस सध्या या घरात राहत असला पाहिजे. गाणी भरायला वेळ लागला नाही. सासूबाई. सकाळी अभंग आणि दुपारी, आम्ही नसताना, लावण्या, हे त्या ॲपनेच वर्षअखेरीला सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सिनेमे मुलासाठी, शिवाय त्याच्या अख्ख्या वर्गासाठी. फोटोंच्या जागेपुढे आम्ही बराच वेळ थांबलो. मग एका रविवारी दुपारी बसून सतराशे साठ सुप्रभातचे गुलाब आणि एकाच केकचे चाळीस फोटो पुसले, तेव्हा भाड्याची जागा लागणार नाही असं दिसलं. नणंदेच्या लग्नाचा आहेर एकदाचा पुरा झाला. इंग्रजी वर्तमानपत्रासमोर नवऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं, आणि गेल्या आठवड्यातली कोणतीही एक बातमी सांग म्हटल्यावर स्वतःच पुसलं.

योगासनांसमोर मी लिहिलं, ‘जानेवारीतली मी’. ती बाई फेब्रुवारीत घर सोडून गेली आहे. चांगली होती, पहाटे उठायची, गरम पाणी प्यायची. परत आली तर तिचं स्वागत आहे. पण तोवर तिच्या नावाने दर १ तारखेला पैसे बाजूला काढायचे आणि तिच्या वाटणीची साबुदाण्याची खिचडी मी खायची, हा व्यवहार दोघींनाही शोभणारा नव्हता. ती वर्गणी बंद केली. करताना बारीक अक्षरातल्या बटणाने विचारलं, कारण? त्यांच्या यादीत ‘सभासद सापडत नाही’ असं कारण नव्हतं, म्हणून ‘इतर’ निवडलं.

राहता राहिली जर्मन. नवऱ्याचं म्हणणं, तो माणूस घर सोडून गेलेला नाही, फक्त कामात आहे. पुरावा म्हणून त्याने एक वाक्य म्हणून दाखवलं. बरोबर की चूक हे घरात कोणालाच सांगता येईना, त्यामुळे संशयाचा फायदा द्यावा लागला. सासूबाईंनी मध्यस्थी करून दिवाळीपर्यंतची मुदत दिली. दिवाळी तिथीवर, वर्गणी तारखेवर, त्यामुळे मुदत नक्की कोणत्या हप्त्याला संपते यावर नवरा आताच वाद घालायला लागला आहे. मी वाद घालणार नाही. २१ तारखेला मेसेज येतोच, आणि तो आता सासूबाईंच्या फोनवर येईल अशी व्यवस्था केली आहे.